भिंगरीचं रडणं

भिंगरी धावत कपडेपटात शिरली आणि थेट टाचणीबाईंच्या पोटावर येऊन आदळली.

"मावशी, माझी आई कुठाय? आहे ना ती?"

"अगं हळू, टाचण्या टोचतील! खाली कँटीनमध्ये बसलीय तुझी आई. आत्ता चहा घेऊन आले तिथून."

"शप्पथ?"

"गळ्याशप्पथ."

पोर थरथर कापत होती. टाचणीबाईंनी तिला कडेवर घेतलं, जिना उतरून कँटीनच्या दारात नेलं. आई फोनवर बोलत बसलेली दिसली, तशी भिंगरी शांत झाली. मग कानाशी पुटपुटली, "दादा म्हणाले, आई मेली. मग कॅमेरा सुरू झाला."

टाचणीबाईंनी तिला आईजवळ सोडलं.

टीव्ही वाहिनीच्या कपडेपटात त्यांची हयात गेली होती. कॉलरला कायम टाचण्या खोचलेल्या, म्हणून टाचणीबाई; खरं नाव विचारलं असतं तर युनिटमधल्या निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं. भिंगरी सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. मालिकेत ती आईविना पोरीचं काम करायची आणि तिचं रडणं घराघरांत गाजत होतं. रडण्याचा सीन झाला की ती अशीच येऊन बिलगायची. टाचणीबाईंना वाटायचं, भूमिकेत शिरते पोर. गुणी आहे.

त्या तडक दिग्दर्शकाकडे गेल्या. त्याला सगळे दादा म्हणत.

"दादा, तिला असं का सांगितलंत?"

"अहो बाई, दोन मिनिटांचं काम. कट म्हटलं की आई समोर, वर आइस्क्रीम. ग्लिसरीनचं रडणं लोकांना लगेच कळतं." दादा हसला. "आणि तिच्या आईला विचारूनच करतो मी. मी काय राक्षस आहे का?"

राक्षस तर तो नव्हताच. टाचणीबाईंचे यजमान इथेच लाइटच्या कामाला असताना शिडीवरून पडले, तेव्हा शूटिंग थांबवून याच माणसाने त्यांना आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. रागवायचं म्हटलं तरी टाचणीबाईंना जमेना.

मग त्यांनी भिंगरीच्या आईला गाठलं. ती नजर चुकवत म्हणाली, "मीच हो म्हटलं त्यांना. साधं सांगून तिला रडू येत नाही. मी जवळच असते ना! काम गेलं तर तुम्ही देणार आहात का दुसरं?"

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या वेळी तर सरळ चिमटे काढायचे पोरांना. कोण मेलं त्यानं?"

"अहो, पण तिला खरंच वाटतं हो, आई गेली म्हणून."

"आणि आई म्हणते चालेल. मग तू कोण?" यजमानांनी दुखरा पाय सरळ केला. मग म्हणाले, "मला विचारू नकोस. मला दादाबद्दल वाईट बोलवत नाही."

गेल्या महिन्यात मुख्य कचेरीतून एक तरुण बाई येऊन सगळ्यांना मुलांच्या सुरक्षेचे नियम शिकवून गेली होती. युनिटने तिचं नाव नियमवाली ठेवलं. मुलांसोबत एकट्यानं दार लावून बसायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, जास्त वेळ राबवायचं नाही. खोटं बोलण्याबद्दल ती काही म्हणाली नव्हती. पण एवढं मात्र म्हणाली होती, "काही खटकलं तर येऊन सांगा. बरोबर की चूक, ते तुम्ही ठरवू नका."

टाचणीबाई दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. तिसऱ्यांदा आत गेल्या.

"कुणी हात लावला तिला?" नियमवालीने विचारलं.

"नाही."

"कुणी ओरडलं? मारलं?"

"नाही हो. हळूच कानात सांगितलं. खोटं."

सगळं ऐकून नियमवालीही गोंधळली. "पालकांची संमती आहे, म्हणता. मग हे नक्की कशात बसवायचं…" तिने मान वर केली. "त्या वेळी तिला काय वाटत असेल?"

"आई मेल्यावर पोराला जे वाटतं ते."

नियमवालीने पेन खाली ठेवलं. "बाहेर कुठे बोलू नका," एवढंच म्हणाली.

चौकशी झाली. दादाला दुसऱ्या कार्यक्रमावर पाठवलं. नवा दिग्दर्शक आला, मुलांजवळ बसायला एक समुपदेशक बाई आल्या, ग्लिसरीनची बाटली आली. टाचणीबाईंशी कुणी भांडलं नाही, पण त्या कँटीनमध्ये शिरल्या की टेबलावरच्या गप्पा विझायच्या. कंपनीच्या सभेत वरच्या साहेबांनी मुलांच्या सुरक्षेबद्दल भाषण केलं. टाळ्या पडल्या. टाचणीबाईंनीही वाजवल्या; कशासाठी, ते त्यांना नीट कळलं नाही.

आणि भिंगरीचं रडणं खोटं दिसू लागलं. लोक मालिका बघेनासे झाले. कुणी कुणाला काढलं नाही. फक्त मालिकेतली गोष्ट दहा वर्षं पुढे सरकली. भिंगरीच्या जागी मोठी मुलगी आली.

शेवटच्या दिवशी भिंगरी मालिकेचा फ्रॉक उतरवून स्वतःच्या कपड्यांत उभी राहिली.

"मावशी, मी नीट रडले असते तर मला ठेवलं असतं ना?"

"तसं नाही गं राजा."

"मग कसं?"

 टाचणीबाईंनी तिचं बटण लावायला हात पुढे केला, तेवढ्यात आई आली. "झालं ना तुमच्या मनासारखं?" म्हणाली. तिचा आवाज मात्र रागाचा नव्हता, रडवेला होता.  दोघी निघाल्या, तशा टाचणीबाईही मागोमाग फाटकापर्यंत गेल्या.

रस्त्यावर वाहनं धावत होती. आई ओलांडायला निघाली, तशी भिंगरीने तिचा हात मागे ओढला.

"थांब. मी बघते."

तिने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, पुन्हा पहिल्या बाजूला पाहिलं. रस्ता मोकळा झाला होता. आई म्हणाली, "चल की." भिंगरी हलेना. लांबून एक सायकल येत होती. ती पुढे निघून जाईपर्यंत तिने दोन्ही हातांनी आईला काठावर धरून ठेवलं.