दोघांत एक आवाज

थोरला लोखंडी चेंबरमध्ये बसून बदकाच्या आवाजात बोलायचा आणि धाकटा बाहेर बसून त्याला हवा पुरवायचा. दोघे सख्खे भाऊ, एकाच बोटीवर कामाला. मध्ये फक्त दोन बोटं जाडीचं पोलाद आणि एक वाटोळी काच.

काम समुद्राच्या तळाशी पाइप जोडायचं. इतक्या खोल रोज जा-ये केली तर माणूस चार दिवसही टिकायचा नाही. म्हणून थोरल्यासह चार डायव्हर महिनाभर डेकवरच्या त्या बंद चेंबरमध्येच राहत, तळाशी असतो तेवढ्याच दाबाखाली, आणि कामाला तशाच दाबाच्या बंद पेटीतून खाली उतरत. जेवण तिथेच, झोप तिथेच, भांडणंही तिथेच. आत साधी हवा चालत नाही, हेलियम मिसळावा लागतो, आणि हेलियम गळ्याची अशी काही चेष्टा करतो की भारदस्त माणसानं तोंड उघडलं की बदक. आवाज सरळ करायचं एक यंत्र बोटीवर होतं, पण ते बदकाचं फार तर कोंबडं करायचं.

बाहेर काढायचं तेही सावकाश. दाब थोडा थोडा उतरवत पाच दिवस. घाई केली तर अंगातलं रक्त सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं. तिथे कुणाची ओळख चालत नाही, की कुणाच्या हातापाया पडून भागत नाही.

त्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. आईचं हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस, फार तर उद्याचा. आणि ती सारखी थोरल्याला बोलवतेय.

आई आणि थोरला दोन वर्षं बोलत नव्हते, आणि कारण होता तो स्वतः. तो या नोकरीत आला तेव्हा आई थोरल्याला म्हणाली होती, तू गेलास ते गेलास, याला कशाला ओढलंस? खरं तर ओढलं कुणीच नव्हतं, हाच हट्टानं मागे लागला होता. पण आईपुढे तसं सांगायची त्याची छाती झाली नाही आणि थोरल्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून थोरल्याचा फोन आला की आई रिसीव्हर मावशीच्या हातात द्यायची. धाकट्याशी मात्र दर रविवारी तासभर गप्पा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि या चोरानं दोन वर्षं ते मुकाट्यानं पाहिलं होतं.

आतल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, असा बोटीवरचा रिवाज होता. बंद डब्यात दुःख घेऊन माणूस जाणार कुठे? पण सुपरवायझरकाकांनी रिवाज बाजूला ठेवून थोरल्याला सगळं सांगितलं. काम थांबवून दाब लगेच उतरवायला घेऊ म्हणाले. आतल्या बाकी तिघांनीही हूं की चूं केलं नाही. दाब उतरायला लागला, पण पाच दिवस ते पाचच दिवस. एरवी हेलिकॉप्टरनं धाकटा तरी एकटा गेला असता, पण वाऱ्यामुळे तेही बंद.

काचेपलीकडे थोरला खाली मान घालून बसला होता. लहानपणी तो लायब्ररीतून रॉकेटच्या गोष्टी आणून मोठ्यानं वाचायचा. त्यात हमखास यानातली हवा कमी पडायची आणि एक माणूस जास्त व्हायचा. धाकटा रडकुंडीला येऊन उपाय सुचवायचा, आळीपाळीनं श्वास घेतला तर, सामान फेकलं तर? थोरला म्हणायचा, अरे वेड्या, हवेला कुणाची दया येत नाही. आज धाकटा पुन्हा उपायच शोधत बसला होता. चार दिवसांत काढता येईल का, साडेतीन? कागदावर मांडून पाहिलं आणि कागद चुरगळून टाकला. आईला शेवटचं भेटायला जाणाऱ्या मुलाला अपंग करून पाठवायचं, त्यातून ती असेतोवर पोहोचणारच नाही, आणि सोबत तीन परक्यांचे जीव टांगणीला!

उरला फोन. मावशीनं तो आईच्या कानाला लावला. काकांनी लाइन थेट चेंबरला जोडून दिली. थोरल्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा आईला हाक मारली, आणि पलीकडे आईला ऐकू आलं ते कोंबडं.

मावशीनं सांगितलं ते ऐकून काकांनीही तोंड फिरवलं. आई म्हणाली होती, त्याला बोलायचं नसेल तर नको, पण मरणाऱ्या माणसाची अशी थट्टा कशाला करता? मावशीनं हेलियमचं समजावायचा प्रयत्न केला. आईला इतकंच कळलं की थोरला अजून रागावलेला आहे.

मग धाकट्याच्या हेडफोनमध्ये थोरल्याचा आवाज आला.

"तू बोल. मी म्हणून बोल."

धाकटा नाही म्हणाला. दोन वर्षं गप्प राहून खोटेपणा केला तेवढा पुरे, आता जाणाऱ्या आईशी तोंडानं खोटं बोलायचं नाही. थोरल्यानं शांतपणे ऐकून घेतलं. लहानपणापासून दोघांचा आवाज एक. घरच्या फोनवर आईसुद्धा फसायची, "कोण, थोरला की धाकटा?" असं विचारून घ्यायची. धाकट्याची खूण एवढीच, की तो "अगं आई" म्हणून सुरुवात करायचा आणि थोरला नुसतंच "आई".

"शब्द माझेच असतील रे," थोरला म्हणाला. "तुझा फक्त गळा."

धाकट्यानं फोन घेतला. एका कानात आई, दुसऱ्या कानात दादा. घसा खाकरून तो नुसतंच "आई" म्हणाला.

"थोरला का रे?"

"हो."

आई रडायला लागली. कानातलं बदक सांगत गेलं आणि धाकटा बोलत गेला. मी रागावलो नव्हतो. रोज आठवण यायची. तुझ्यावर रागावून मी जाणार कुठे? आई म्हणाली, मीच हट्टी, दोन वर्षं फुकट घालवली, मला माफ कर. तिचं बोलणं थोरल्यालाही ऐकू जात होतं. काचेपलीकडे त्याचे खांदे हलत होते. मग धाकटा जे बोलला, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. "आई, धाकट्याला मी आणलं नव्हतं गं. तोच मागे लागला होता. सांगायला घाबरला."

काचेपलीकडे थोरल्यानं मान वर केली.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "पण त्याच्यावर रागावणं जमत नाही बघ. तू मोठा, तू सोसशील असं वाटलं." तिला धाप लागली. थोडं थांबून तिनं विचारलं, "तो कुठेय? दे ना जरा त्याला. आवाज ऐकू दे."

दादा कानात सांगत होता, थांब म्हण, क्षणभर गप्प बस, मग तुझा तू बोल, तिला कळणार नाही. बोट एक, गळा एक आणि मुलगे दोन. पण एकापाठोपाठ एक दोघे एकाच गळ्यातून बोलले, तर जिनं जन्म दिला तिला कळल्याशिवाय राहील? आणि कळलं, की आत्ता दिलेलं-घेतलेलं सगळंच खोटं ठरेल. थोरला पुन्हा तोच, फोनवर न आलेला. "अगं आई" एवढे दोनच शब्द धाकट्याच्या जिभेवर आले होते. ते त्यानं गिळले.

"झोपलाय तो, आई. रात्रपाळी होती."

"असं होय." आई हळूच म्हणाली, "झोपू दे. उठवू नकोस त्याला. झोपमोड झाली की दिवसभर किरकिरतो."

मावशीनं फोन काढून घेतला. आई पहाटे गेली.

पाच दिवस दाब उतरत राहिला. धाकटा आपली पाळी नेमानं करत होता. भाऊ काचेतून एकमेकांकडे बघत, बोलत मात्र जेवणापुरतंच. शेवटच्या दिवशी दार उघडायला अजून वेळ होता. धाकट्याची पाळी संपली होती, पण तो गेला नाही. चेंबरसमोरच्या बाकावर भिंतीला टेकून बसला आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

दाराच्या खडखडाटानं त्याला जाग आली, पण डोळे उघडवेनात. चौघे बाहेर आल्याचं पावलांवरून कळलं. काका म्हणाले, अरे, हा इथेच झोपला की, थांब, हलवतो.

मग महिनाभरानं त्याला दादाचा खरा आवाज ऐकू आला. हुबेहूब त्याचा स्वतःचा.

"राहू द्या काका. उठवू नका त्याला."

धाकट्यानं डोळे मिटूनच ठेवले.