काठावरची शाई

मी काचेची एक पट्टी बोलतेय. बोटाएवढी लांब, पातळ आणि स्वभावाने जरा तुसडी. नागपुरातल्या एका लॅबच्या लाकडी खणात मी उभी असते. माझ्या अंगावर गुलाबचंदांच्या शरीराचा एक पापुद्रा चिकटलेला आहे.

गुलाबचंद मूळ उमरेडचे. तरुणपणी हातमागावर लुगडी विणली. माग थांबल्यावर तीस वर्षं सीताबर्डीच्या एका साडीच्या दुकानात काढली. अडुसष्टाव्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून काढलेली ती ग्रंथी आमच्याकडे आली. तिच्या बाहेरच्या कडेला काळी शाई लावली, मेणात बसवून काप काढले आणि त्यातला एक गुलाबी-जांभळा रंगवून माझ्यावर ठेवला.

डॉक्टर भैरवी मॅडमनी मला मायक्रोस्कोपखाली बराच वेळ पाहिलं. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या होत्या. म्हणजे जिथे कापलं तिथपर्यंत रोग होता, आणि पलीकडे अंगात थोडा राहून गेल्याची भीती होती. मॅडमनी रिपोर्टात लिहिलं, ‘मार्जिन पॉझिटिव्ह’.

रिपोर्ट न्यायला गुलाबचंद आणि त्यांच्या पत्नी रुख्माबाई आले. काउंटर माझ्या खणापासून चार पावलांवर आहे, सगळं ऐकू येतं.

“मार्जिन पॉझिटिव्ह आहे वं!” ते हरखून म्हणाले. “फायद्यात आहो आपण!”

दुकानात मार्जिन म्हणजे नफा. रुख्माबाईंनी तिथेच हात जोडले. तासाभरात संत्रा बर्फीचा डबा काउंटरवर आला आणि सगळ्यांनी खाल्ली. कशासाठी बर्फी, हे एकानेही विचारलं नाही. मिठाई हातात आली की माणसं फार चौकशी करत नाहीत. मी खणात नुसती चडफडत राहिले.

रिपोर्ट दाखवून जा आणि दर तीन महिन्यांनी पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करा, असं सर्जननी त्यांना बजावलं होतं. पहिली तपासणी शून्याजवळ आली. मग रिपोर्ट सर्जनना न दाखवताच कपाटात गेला आणि सव्वा वर्ष कोणी फिरकलं नाही.

शेवटी रुख्माबाईंनीच त्यांना ओढत आणलं. पीएसए पॉइंट चार आला. ग्रंथी काढल्यावर तो जवळजवळ नसायलाच हवा. मॅडमनी मला खणातून काढलं आणि दोघांना आत बोलावलं.

“काका, इतके दिवस काहून नाही आले?”

“मार्जिन पॉझिटिव्ह होती नं, मॅडम. मंग कायले येऊ?”

मॅडमनी मला त्यांच्यापुढे धरलं. “काका, ही दुकानातली मार्जिन नाही. मार्जिन म्हणजे काठ. पॉझिटिव्ह म्हणजे रोग त्या काठापर्यंत पोचला होता.”

गुलाबचंदांनी मला हातात घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. शाईची काळी रेघ त्यांना दिसली.

“म्हणजे मधला रंग काठाले लागला,” ते हळूच म्हणाले. “असं लुगडं मी कधी मागावरून उतरवलं नसतं. लोकायचे काठ पाहत राहिलो अन् आपलाच पाहाचा राहिला.”

“बर्फी वाटली जी आपण,” म्हणत रुख्माबाईंनी तोंडाला पदर लावला. काच नसते तर मलाही रडू आलं असतं.

“वेळ गेली नाही काकू,” मॅडम म्हणाल्या. “काठाला लागलं म्हणजे प्रत्येकाचं परत येतंच असं नाही. काकांचं आलेलं दिसते, पण आकडा अजून लहान आहे. उद्याच सर्जनना भेटा, ते रेडिएशनचं ठरवतील. आता तारीख चुकवू नका.”

आता गुलाबचंद तारीख चुकवत नाहीत. रेडिएशन झालं आहे. परवाचा आकडा खाली आला, पुढचा कोणाला ठाऊक? तुमच्या हाती असा कागद आला तर कृपा करून बर्फीआधी त्या शब्दाचा अर्थ विचारा.

आमच्या लॅबमध्ये काचपट्ट्या दहा वर्षं जपतात, मग फोडून टाकतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझा चुरा होईल त्या दिवशीही काउंटरवर गुलाबचंदांचा आवाज ऐकू यावा, एवढंच मागणं आहे.