पोच

मंगळवारी सकाळी वडिलांचा फोन आला तेव्हा मारित फिनलंडमधल्या ताम्पेरे शहराच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होती.

"तुझी आई माझ्याशी बोलत नाहीये," वडील म्हणाले.

"आता काय केलंस?"

"मी काही केलं नाही. घड्याळानं केलं. काल तिला केस कापायला अकराची वेळ मिळाली होती. बाईसाहेब कॉम्प्युटरवर पावणेअकरा बघून निघाल्या आणि दुकानात पोचल्या एक वाजता."

"इसॅ, ते घड्याळ एकदाचं नीट कर ना. किती वर्षं चाललंय हे!"

"घड्याळ नीटच आहे. जगाची वेळ ग्रीनिचची. कोत्का शहर त्याच्यापुढे दोन तास पळत असेल तर त्याला मी काय करू?"

"मग केस कापले का शेवटी?"

"नाही. केस वाढतायत. रागही वाढतोय. घरात मला जागा कमी पडायला लागलीय."

मारितला हसू आलं. रूनार सोडरहोल्म, तिचे वडील, तरुणपणी मालवाहू जहाजांवर वायरलेस अधिकारी होते. तिथे कोणत्याही समुद्रात असा, संदेशावर वेळ पडायची ती ग्रीनिचची. जहाजावरचं काम सुटलं, ते पदही इतिहासजमा झालं, पण वेळेची सवय गेली नाही. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी त्या एका यंत्रात दोन बिऱ्हाडं थाटली. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची: रायली आणि रूनार. बाणाची कळ दाबून आपलं नाव निवडायचं. रायलीची, म्हणजे आईची, ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राबरोबर दुकानातून आलेली होती आणि फिनिशमध्ये बोलायची. वडिलांचं लिनक्स होतं, स्वीडिशमध्ये. दोघांचे फोटो आणि कागदपत्रं मधल्या सामायिक जागेत राहायची. भांडण होतं ते फक्त घड्याळावरून. यंत्राच्या आतलं घड्याळ एकच. वडिलांचं बिऱ्हाड त्यात ग्रीनिचची वेळ लावून ठेवायचं, आणि आईचं बिऱ्हाड तीच कोत्काची समजून वाचायचं. म्हणून आईनं पडद्याच्या कडेला "+२" लिहिलेला चिठोरा चिकटवला होता. तो अधूनमधून गळून पडायचा, आणि त्या दिवशी भांडण व्हायचं.

"रविवारी येतेयस ना?" वडिलांनी विचारलं.

"येते. आईला सांग, मी तिच्या बाजूनं आहे."

"ते तिला माहीतच आहे. बरं, गु नात."

सकाळचे दहा वाजले होते. "गु नात" म्हणजे स्वीडिशमध्ये शुभ रात्री. दिवस असो, रात्र असो, वडील फोन असाच संपवायचे. कुठे ना कुठे रात्र असतेच, असं त्यांचं म्हणणं. आणि ते म्हटल्यावर एक क्षण थांबायचे. वायरलेसवाल्यांची ही जुनी खोड होती. संदेश दिला की समोरून पोच येईपर्यंत थांबायचं. पोच आल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही.

मारित त्या क्षणात नेहमीप्रमाणे फिनिशमध्ये निरोपाचं "हेई हेई" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

वडील तिच्याशी जन्मापासून स्वीडिशमध्ये बोलत आले होते. तीही तेव्हा त्यांना पाप्पा म्हणायची आणि रात्री दिवा मालवताना "गु नात"ला "गु नात" द्यायची. तिसरीत असताना एकदा ते तिला न्यायला शाळेत आले. तिनं फाटकातून हाक मारली, "पाप्पा!" मागून तीनचार मुलं ओरडली, "हुर्री! हुर्री!" स्वीडिश बोलणाऱ्यांना चिडवायचा हा शब्द सगळ्या मैदानानं ऐकला. त्या रात्री दिव्यापाशी वडील "गु नात" म्हणाले, तेव्हा तिनं फिनिशमध्ये उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून पाप्पाचा फिनिशमधला इसॅ झाला. वडिलांनी काही विचारलं नाही. त्यांनी स्वीडिश सोडली नाही, तिनं फिनिश सोडली नाही. ती मोठी झाली, दोन्ही भाषांतली कपाटंच्या कपाटं वाचून झाली, चिडवणाऱ्या मुलांची नावंही विसरली, तरी घरातली ही रीत तशीच राहिली. त्यांच्याकडे विषय निघायचे नाहीत, आणि एकदा न निघालेला विषय मग कायमचाच निघायचा नाही.

बुधवारी वडील गेले. अंगणात त्यांच्या रेडिओची लांब तार ताणलेली होती. तिच्यावर बर्फ धरलं होतं, ते काठीनं झाडायला ते बाहेर पडले. आईनं कॉफी ओतून हाक मारली, मग खिडकीतून पाहिलं. काठी तारेला अडकून लोंबत होती आणि ते खाली पडले होते.

दफन झालं. मारित ताम्पेरेला परतली आणि कामावर जाऊ लागली. एका शनिवारी आईचा फोन आला. रायली कधी रडत नसे. तेव्हाही रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडला होता.

"मारित, मी रूनारला पुसून टाकलं गं."

"म्हणजे काय, आई?"

"कॉम्प्युटरवर. तो म्हणाला नवीन काहीतरी बसवायचंय, बसवू का? मी हो म्हटलं. बंद झाला, चालू झाला. आता ती दोन नावं येतच नाहीत. थेट माझंच उघडतं. आणि आता विचारतोय, इथे एक भाग वाचता येत नाही, तो फॉरमॅट करायचा का."

"काय दाबलंस?"

"काही नाही. पडद्यावर भांड्यांचं फडकं टाकलं आणि दुसऱ्या खोलीत येऊन बसले."

"शाबास. आता त्याला हातसुद्धा लावू नकोस. मी निघते."

मारित पोचली तेव्हा फडकं तसंच होतं. आईनं वेलदोड्याचे पाव काढून ठेवले होते, पण दोघींनीही खाल्ले नाहीत. मारितनं फडकं उचललं. प्रश्न पडद्यावर होता, खाली हो आणि नाही. तिनं नाही दाबलं. मग डिस्कवरचे भाग उघडून पाहिले. आईचा भाग होता, सामायिक होता, आणि त्यांच्या शेजारी एक मोठा, बिननावाचा.

"हा बघ. गेलेला नाहीये."

"मग मला का दिसत नाही?"

"तुझ्या बाजूला त्याची लिहिण्याची पद्धत कळत नाही. कळत नाही म्हणून ती त्याला रिकामा समजते."

आई खुर्चीत बसली. मघापासून ती उभीच होती, हे मारितच्या तेव्हा लक्षात आलं.

यंत्र सुरू होताना कोणाला आधी उठवायचं याचा एक क्रम आत ठरलेला असतो. नवीन काहीतरी बसलं आणि आईच्या बाजूनं पहिला नंबर लावला, एवढंच घडलं असावं. क्रम बदलण्याआधी मारितनं बोर्येला फोन केला. बोर्ये हा वडिलांच्या रेडिओ क्लबातला मित्र, लिनक्सही त्यानंच त्यांना लावलं होतं. तो स्वीडिशमध्ये बोलू लागला, ती फिनिशमध्ये.

"क्रम बदलणं सोपं आहे," बोर्ये म्हणाला. "आधी एक सांग. रूनारनं त्या दिवशी यंत्र बंद केलं होतं, का झोपवलं होतं?"

मारितनं आईकडे वळून तोच प्रश्न विचारला.

"झोपवलं," आई म्हणाली. "मला जन्मभर शिकवत आला, झोपवायचं नाही, नीट बंद करायचं. आणि त्या दिवशी स्वतः म्हणतो, झोपू दे जरा, मी आलोच."

मारितनं ते बोर्येला सांगितलं.

"मग ऐक नीट," तो म्हणाला. "झोपताना ते आपल्या डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं. उठवलंस की तिथूनच पुढे सुरू होईल. त्याच्या लेखी अजून तोच बुधवार आहे. पण रायलीनं मधल्या दिवसांत सामायिक जागेत ठेवाठेव केली असणार."

"केलीय. दफनाचे फोटो, बँकेचे कागद."

"तेच. त्याला ते ठाऊक नाही. ते जुन्या आठवणीनं तिथे आवरायला गेलं, तर तुमचे फोटो जातील. सुरू होण्याच्या ओळीत मी एक शब्द वाढवायला सांगेन. तो घातलास की ते झोप विसरतं आणि कोरं उठतं. त्यात धोका नाही."

"आणि बुधवारचं जे होतं?"

"ते जाईल."

"दुसरा रस्ता?"

"सामायिक जागेतलं सगळं आधी बाहेर उतरवून घे. मग उठव. कशालाही हात लावू नकोस, बघ आणि नीट बंद कर. पण पोरी, हे एकदाच होतं. बंद केलंस की तो बुधवार संपला. मी असतो तर शब्द घातला असता."

"इसॅनं काय केलं असतं?"

बोर्ये नाकातून हसला. "त्या गाढवानं उठवलं असतं."

फोन ठेवून मारितनं आईला दोन्ही रस्ते समजावले. आईनं ऐकून घेतलं, टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले.

"एकदाच म्हणाला?"

"एकदाच."

"मग उठव. त्याला असं अर्धवट झोपेत किती दिवस ठेवायचं?"

फोटो आणि कागद पेनड्राइव्हवर उतरवायला वेळ लागला. मारितनं ते सगळे उघडून पाहिले. मग यंत्र बंद केलं, सुरू होताना कळ दाबून क्रमाची यादी उघडली आणि खालचं नाव वर आणलं. काळा पडदा आला. रायली. रूनार. आईनं श्वास सोडला. मारितनं बाण खाली नेला आणि एंटर दाबलं.

पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या. यंत्र कुरकुरलं. आणि मग सगळं एकदम समोर आलं, कोणी नुकतंच खुर्चीवरून उठून गेल्यासारखं. हवामानाच्या पानावर फिनलंडचं आखात होतं, उणे सात अंश, वारा ईशान्येचा. वर कोपऱ्यात घड्याळात बुधवार सकाळची वेळ होती. ती तशी दिसली न दिसली, तेवढ्यात आकडे उडी मारून आजवर आले.

हवामानाच्या पुढे एक काळी चौकट उघडी होती. तिच्यात वडिलांनी एकच ओळ टाइप केली होती. एंटर मारलं नव्हतं. ओळीच्या टोकाला पट्टी लुकलुकत होती.

मारितनं ती ओळ दोनदा वाचली.

"काय आहे?" आईनं चष्मा शोधत विचारलं. "कोणाला काही लिहीत होता का?"

"नाही. घड्याळाला हुकूम आहे. आतली वेळ इथली ठेव, असा."

"इथली म्हणजे कुठली?"

"कोत्काची."

आईनं चष्मा लावला, पडद्याजवळ वाकली. तिला त्यातलं एक अक्षर कळणार नव्हतं, तरी तिनं ओळ शेवटपर्यंत पाहिली.

"मंगळवारी रात्री मी त्याला म्हटलं होतं," ती म्हणाली, "तू आणि तुझं ग्रीनिच, दोघं जा आणि समुद्रात राहा. त्यावर तो काही बोलला नाही. मला वाटलं, हा ऐकत नाहीये."

"ऐकत होता."

"मग दाबलं का नाही मेल्यानं?"

"आधी तार झाडून येतो असं म्हणाला असेल."

"तसाच तो. हातातलं काम टाकून भलतंच काढायचं." आईनं चष्मा काढून पुसला.

"मी दाबू का?" मारितनं विचारलं. "हे फक्त घड्याळाचं आहे. बाकी कशाला धक्का लागणार नाही. परत कधी तुझे दोन तास चुकणार नाहीत."

आईनं कळफलकाकडे हात नेला. बोट एंटरवर टेकलं आणि तसंच राहिलं. मग तिनं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"नको. राहू दे त्याची वेळ त्याला. दोन मिळवायला मला येतात." पडद्याच्या कडेचा चिठोरा सुटत आला होता. तो तिनं अंगठ्यानं दाबून बसवला. "आता नीट बंद कर त्याला. तो सांगायचा तसं."

दुपारचे साडेतीन झाले होते आणि खिडकीबाहेर अंधार पडत होता. अंगणातली तार अजून ताणलेली होती, तिच्यावर पुन्हा बर्फ धरलं होतं. मारितनं बंद करण्याच्या बटणावर टिचकी मारली. पडद्याच्या मधोमध स्वीडिशमध्ये एक वाक्य आलं: साठ सेकंदांत यंत्र आपोआप बंद होईल. खाली रद्द करा, आणि लगेच बंद करा. आकडे उतरू लागले.

तिनं लगेच बंद केलं नाही. रद्दही केलं नाही. यंत्र तिच्यासाठी थांबलं होतं. कोण थांबायचं असं, ते तिला ठाऊक होतं. फोनमध्ये "गु नात"नंतर एक क्षण, दर वेळी, इतकी वर्षं, न विचारता, न रागावता. तिनं तोंड उघडलं तेव्हा शब्द जिभेवर अवघडले, शाळेतल्या मुलीच्या उच्चारात आले, कारण त्या वयानंतर ते तिथे कधी आलेच नव्हते. शेजारी आई हलली नाही. आकडे एकेरी झाले.

"गु नात, पाप्पा," मारित म्हणाली. "गु नात."