दर चार शब्दांनी एक नाव

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्याच्या नशिबी पहिलाच उन्हाळा दुष्काळाचा आला. कचेरीत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, पण पाण्याच्या टँकरसोबत फिरणाऱ्या जीपगाड्यांत वायरलेस मात्र बसले होते. ते सांभाळायला कचेरीतल्या एका खोलीत दोघंच, पंचशीला आणि तिचे साहेब शेषेराव.

शेषेराव नांदेडला सोळा वर्षं काढून आलेले. त्यांची पद्धत म्हणजे दगडावरची रेघ. आधी माईकवर एक ते पाच मोजायचं, जीपवाल्यानं पाचही आकडे आले म्हटलं की वहीत 'पाचात पाच' लिहायचं आणि मग सगळा निरोप एका दमात ओतायचा. आता जीप म्हणजे काही खुंट्याला बांधलेली म्हैस नव्हे. चढावर असली की आवाज खणखणीत, ओढ्यात उतरली की गेलाच. पण एकदा मोजणी झाली की शेषेरावांच्या लेखी आवाज दिवसभर तसाच! सकाळचं ऊन बघून संध्याकाळपर्यंत पापड वाळत ठेवणारा हा माणूस.

पंचशीलाला हे पटत नसे. बहात्तरच्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती आणि तिची माय धुरपताबाई खडी फोडायला जायची. हातोड्यांचा दणदणाट, त्यात वारा सारखा फिरायचा. माय लांबून काही सांगायची ती दर चार शब्दांनी "पंचशीला" म्हणून हाक घालत. आपलं नाव लेकराला पाठच असतं. ते जेवढं साफ आलं, तेवढेच आजूबाजूचे शब्दही साफ आले समजायचं. नाव बुडालं की पोरीनं हात हलवायचा आणि मायनं तेवढाच तुकडा पुन्हा सांगायचा. हीच रीत तिनं जीपवाल्यांना शिकवली होती, शेषेरावांच्या नकळत.

त्या दुपारी फोन आला. टँकर ज्या विहिरीवर भरला, तिच्यात फवारणीच्या विषाचा फुटका डबा सापडला होता. टँकर तर केव्हाच निघाला होता, रेणापूरच्या पलीकडे, पंचशीलाच्याच गावाला. शेषेरावांनी टँकरसोबतच्या जीपवाल्या व्यंकटीसाठी माईक घेतला. पाचात पाच. एका दमात निरोप दिला आणि पेन्सिल कानावर खोचली.

"पोचला."

"साहेब, व्यंकटीनं उलट काही सांगितलंच नाही."

"मोजणी झाली ना बाई!"

"तेव्हा जीप चढावर असंल."

पंचशीलानं न विचारता माईक ओढला.

"व्यंकटी, टँकरचं पाणी विषारी हाय, व्यंकटी, कुणाला देऊ नका, व्यंकटी, जमिनीवर सोडून द्या, व्यंकटी."

खरखर झाली. "ताई, नाव पहिलं न् शेवटचं आलं. मधलं समदं बुडालं. साहेब मगाशी काय बोलले, तेबी न्हाई आलं."

शेषेरावांनी कानावरची पेन्सिल काढली. पंचशीलानं मधला तुकडा तीनदा सांगितला, तेव्हा कुठे चारही नावं पोचली.

दहा मिनिटांनी व्यंकटी पुन्हा बोलला. "गावात आलो, ताई. अजून कुणी पिलं न्हाई. पण एक म्हातारी तोटी धरून बसली. म्हणती, जीव घ्या, पाणी सांडू देनार न्हाई. धुरपताबाई म्हणून हाय."

पंचशीलानं माईक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "जीप तिच्याजवळ घ्या. माईक तिच्या हातात द्या."

जीप जवळ गेली. पंचशीला बोलली, "पंचशीला बोलतीय, माय. पंचशीला. पाण्यात इख हाय. पंचशीला. तोटी सोड. पंचशीला."

खरखर झाली. मग माय ओरडली, खडीवर ओरडायची तशीच.

"पंचशीला! नाव साफ आलं. पंचशीला! सोडते मी पाणी. पंचशीला! दुसरा टँकर कवा धाडतीस? पंचशीला!"

मागे तोटी उघडली. पाणी धो धो जमिनीवर पडू लागलं आणि बाया रडू लागल्या. आवाज इतका साफ येत होता, की पंचशीलाला माईक फेकून द्यावासा वाटला.

दुसरा टँकर परवा होता. ते तिला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या खेपेला आवाज तिचाच बुडाला.