म्हसोबा नऊ फूट सरकला

खेमाच्या बायकोनं, रुख्मिणीबाईनं, सकाळपासून बांधावरच्या आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून ठाण मांडलं होतं. शेजारचा पुंजाजी म्हणत होता, झाड माझ्या हद्दीत येतं, सावलीत सोयाबीन पिवळं पडून राहिलं, मोजणी झाली की तोडतो.

"तोड की! आधी मला तोड," रुख्मिणीबाई म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून ह्याच्याच कैऱ्यांचं लोनचं घालून राहिले. तूच चाटून खाल्लंस न्हवं?"

"खाल्लं ना वयनी. लोनच्याला कोन नाव ठेवून राह्यलं? भांडन सावलीशी हाय."

मोजणीला आली दीक्षा. कोवळी पोरगी, खांद्यावर काठी, काठीवर पांढरी टोपी घातल्यासारखं यंत्र. मी विचारलं, "बाई, साखळी कुठंय?"

"साखळी गेली बाबा. हे उपग्रहाला विचारतं."

मला हसू आलं. चाळीस वर्षांमागं मी मोजणीदारामागं साखळी ओढलेला माणूस. आमची साखळी उन्हात तापून एवढी लांबायची, की सकाळी दोन एकर भरलेलं रान दुपारी पावणेदोन भरायचं. सांजच्या गारव्याला परत दोन! खोटं वाटत असेल तर साखळीला विचारा.

दीक्षानं तीन कोपऱ्यांचे दगड काठीनं टिपले. नकाशाशी बराबर. चौथा दगड म्हणजे आंब्याखालचा शेंदूर फासलेला म्हसोबा. तिथं काठी टेकवली अन् तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नऊ फुटांचा फरक येतोय."

"यंत्र बिघडलं आसंल," पुंजाजी म्हणाला. "दगडावरून धरा. दगडावरून झाड माझंच."

"तीन दगडांना बिघडलं नाही, चौथ्यालाच कसं बिघडेल? हा दगड कुणी हलवलाय का?"

"देवाला कोन हलवतंय?" खेमा म्हणाला.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. रुख्मिणीबाई बुंधा कवटाळून बसलेली दिसत होती.

"म्या हलवला," मी म्हणालो.

"काय?"

"चाळीस वर्सं झाली. म्हसोबाची कंदुरी व्हती, बकऱ्याचं जेवन. चैताचं ऊन. म्हसोबा रानात तापून राह्यलेला, पंगत बी तितंच बसायची. मला देवाची कीव आली. पहारीनं उपटला, झाडाच्या पल्याडल्या, खेमाच्या बाजूच्या सावलीत आनून बसवला."

"देवाची कीव का सोताची?" खेमा ओरडला. "चाळीस वर्सं थोबाड शिवून बसला व्हय, रामप्रसादबाबा?"

"कुनी इचारलंच न्हाई!"

पुंजाजीनं कपाळाला हात लावला. "देव तुमचा आसंल, पर दगड सरकारचा व्हता ना बाबा!"

दीक्षा हसत काठी घेऊन नऊ फूट अलीकडं, पुंजाजीच्या रानात सरकली. तिथं उकरलं, तर दगडाच्या जुन्या बैठकीचा चुना अजून मातीत. झाड खेमाचं ठरलं. पुंजाजीनं खळखळ केली नाही. वरच्या फांद्या छाटायच्या अन् त्याला दरसाल एक बरणी लोणचं, एवढ्यावर मिटलं.

"आता मोजणीदार घरी बसनार म्हना," मी चहा पिता पिता दीक्षाला डिवचलं.

"उपग्रहाला जागा दिसते बाबा, तुमची पहार दिसत नाही. त्यासाठी गावातच यावं लागतं."

चहा संपवून वळतो तर काठी जागेवर उभी, यंत्राला हळदकुंकू, पायाशी फोडलेला नारळ.

"मावशी, अहो यंत्र आहे ते!"

"म्हनून तर वाहिलं," रुख्मिणीबाई म्हणाली. "म्हसोबाला चाळीस वर्सं बोलता आलं न्हाई, हे एका सकाळीत बोललं."

"बाई, लवकर उचला ते," पुंजाजी म्हणाला. "ऊन चढून राह्यलं. ह्या म्हाताऱ्याला कीव आली तर सावलीत नेऊन ठिवंल."