मादामचा स्फटिक

दहा मे २०२१ ला आयर्लंडमध्ये एका काउंटीतून दुसरीत जायची बंदी उठली आणि अकरा तारखेला मी डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सहून स्लायगोला निघालो. मादामना सांगायचं होतं की त्यांचा स्फटिक मी धुऊन टाकला.

मादाम म्हणजे सोलांज ब्रेव्हाल, वय चौऱ्याऐंशी, माझ्या बायकोच्या गाइड. वृंदा स्फटिकांवर काम करायची. मी बस डेपोत मेकॅनिक, आयटीआय झालेला. तिच्या कामातलं मला कळायचं ते ती जेवताना सांगायची तेवढंच. सोळा जानेवारीला वृंदा करोनाने गेली.

तेव्हापासून मादाम मला दर रविवारी अकरा वाजता फोन करायच्या. पूर्वी याच वेळी त्या वृंदाला करायच्या. मी फारसा बोलायचो नाही, म्हणून त्याच स्वतःबद्दल बोलायच्या. वडील फ्रान्समध्ये मिठाच्या कारखान्यात होते. लहानपणी त्या कढईच्या काठाला धरलेले खडे बघत बसायच्या आणि आईचा मार खायच्या. पुढे फिजिक्स शिकल्या, एकोणसत्तर साली डब्लिनला शिकवायला आल्या. विभागात बाई एकटीच. पहिल्या आठवड्यातच विभागप्रमुखांनी मीटिंगसाठी चहा करायला सांगितला.

"केला की," मादाम म्हणाल्या. "डिस्टिल्ड वॉटरचा केला. पुन्हा कोणी सांगितलं नाही."

मग एकोणऐंशी साल. समुद्रशेवाळातल्या एका पदार्थाचा स्फटिक त्यांच्या कुपीत धरला. तोवर कोणालाच तो जमला नव्हता. त्याचा एक्स-रे काढायचा तर मशीन बंद पडलं आणि दुरुस्त होईपर्यंत स्फटिक विरघळून गेला. पुन्हा कधी आला नाही. बाईंना दिसला म्हणे, असं लोक परिषदांत हसून बोलायचे. इतर कामाबद्दल मादामना पदकं मिळाली, प्रोफेसर झाल्या, रिटायर झाल्या, पण पदकांबद्दल त्या माझ्याशी एक वाक्य बोलल्या नाहीत. फोन ठेवताना मात्र नेहमी विचारायच्या, वृंदाची कुपी कपाटातच आहे ना? मी हो म्हणायचो. धुऊन टाकल्यावरही पंधरा रविवार मी हो म्हणालो.

तोच स्फटिक पुन्हा धरावा म्हणून वृंदाने लॅबमध्ये एक कुपी लावली होती. मार्च २०२० मध्ये लॅब बंद झाली तेव्हा ती तिने घरी आणली. स्टीलच्या डब्यात कापूस भरून डाळींच्या मागे ठेवली. कुपीला हादरा चालत नव्हता. त्या दिवसापासून आमच्याकडे कुकर लागला नाही, डाळ पातेल्यात शिजायची. मी कुरकुर केली की वृंदा म्हणायची, "मादाम चाळीस वर्षं थांबल्यात, तुला डाळीसाठी तासभर थांबवत नाही?" डिसेंबरात तिने टॉर्च लावून पाहिलं आणि मादामना फोनवर सांगितलं की तळाशी काहीतरी धरल्यासारखं वाटतंय, लॅब उघडली की नीट बघू. नाताळानंतर तिला ताप आला.

तेराव्याला घरात मी एकटा होतो. बंदीमुळे कोणाला येता येत नव्हतं. वृंदाची बहीण विजयालक्ष्मी साताऱ्याहून व्हिडिओवर होती. दाजी, सगळं घर धुऊन घ्या, शिळंपाकं टाका, डबे घासा, असं ती सांगत होती. आमच्याकडे तेराव्याला हे बायका मिळून करतात. कोणीतरी काय करायचं ते सांगतंय, याचंच मला बरं वाटत होतं. मी एकेक डबा उतरवत गेलो, ओतत गेलो, घासत गेलो. संपल्यावर पाहिलं तर ओट्यावर पालथ्या भांड्यांत ती कुपीही पालथी होती.

मादामचं घर स्लायगोच्या पुढे समुद्राजवळ आहे. त्यांनी अंगणात दोन खुर्च्या दोन मीटरवर मांडल्या होत्या. मधल्या टेबलावर काळं कापड पसरून भिंग ठेवलं होतं. त्यांनी आधी माझ्या हातांत कुपी आहे का ते पाहिलं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तळाशी होता का?"

गाडीत तीन तास मी ठरवत आलो होतो की होता म्हणायचं. साबुदाण्याएवढा, कडा धारदार. त्यांना तेवढं तरी मिळेल. पण होता म्हटलं तर तो मी घालवला. नव्हता म्हटलं तर वृंदाचं शेवटचं वर्ष फुकट गेलं.

"मी बघितलं नाही," मी म्हणालो.

"ओतताना काही घसरलं असेल. चमकलं असेल."

"मला त्या दिवशी काही दिसत नव्हतं, मादाम."

"आठवा, पद्माकर. जगात तुम्ही एकटेच आहात."

मी खुर्चीत बसून डोळे मिटले. नळ आठवला, फेस आठवला, वरचं कपाट राहिलं म्हणून फोनमधून सांगणारी विजयालक्ष्मी आठवली. कुपी आठवली नाही. त्या दोन मीटर विसरून पुढे आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पाणी गरम होतं का? कुपी आधी गढूळ होती का? किती वाजले होते? मी प्रत्येक प्रश्नाला माहीत नाही म्हणालो. शेवटी त्यांनी हात सोडला आणि काळं कापड घडी करायला घेतलं. घडी नीट पडत नव्हती.

पुन्हा लावायला किती दिवस लागतील, मी विचारलं.

"नऊ महिने. लावणारा असेल तर."

"मला शिकवा. मी इंजिनं उघडून जोडतो. माझा हात हलत नाही."

"वृंदाला अकरा वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "मला आता अकरा वर्षं नाहीत."

मी पुन्हा म्हणालो, शिकवा. त्या उठायला लागल्या, त्यांना जमेना, म्हणून मी दंडाला धरून दारापर्यंत नेलं. दारात त्यांनी माझा हात बाजूला केला, आत गेल्या आणि कडी लावली. मी पायरीवर उभा राहिलो. वृंदाच्या वह्या माझ्याकडे आहेत, सगळ्या आहेत, मी मोठ्याने सांगितलं. मग मी दार वाजवलं.