कोणी न बोलावलेलं फंक्शन

ओढ्याजवळच्या आमच्या खांबाला कोणीतरी लिंबू-मिरची बांधली होती, खाली नारळ फोडला होता आणि पेटीच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं होतं. मी आधी ते सगळं पुसून काढलं. लिंबाच्या रसाने पत्रा गंजतो, हे भुताला माहीत नसलं तरी मला माहीत आहे.

"बाई, रागावू नका," चहाटपरीवाला हिरामण म्हणाला. "पर हितं कुनीतरी बोलतं. वर डोंगरात पाऊस झाला की पोराचा आवाज येतो. 'आयकू येतंय का?' म्हनतो. परवा 'आलोच' म्हनला. माजी बायको तवापास्नं पान्याला येत नाय."

पळसदरीच्या पुढे डोंगरातून उतरणारा हा ओढा एरवी घोट्याएवढा असतो. सुट्टीच्या दिवशी पाहुणे येतात, पाण्यात पाय सोडून बसतात, दगडांची चूल मांडून कोंबडी शिजवतात. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाच लोंढा येतो. म्हणून आमच्या कंपनीने इथे पाणी मोजणारी पेटी बसवली. पाणी चढलं की भोंगा वाजवायचा, एवढंच तिचं काम. बोलायचं काम तिला कोणी दिलेलं नव्हतं.

हिरामणने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ दाखवला. ओढ्याच्या खळखळाटातून आवाज आला, "माईक लांब धर गं. ऐकू येतंय का?" मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा ऐकला. तो शोएब होता.

शोएब माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. कुंभिवलीच्या आमच्या पत्र्याच्या ऑफिसात तो एकटाच असा होता, ज्याच्याशी मी रोज भांडायचे आणि डबाही वाटून खायचे. पेटीचा कर्नेल, म्हणजे पेटीतल्या बाकी सगळ्या प्रोग्रामांना कामाला लावणारा मुळातला प्रोग्राम, त्यानेच लिहिला होता. गेल्या वर्षी त्याच्या चौक गावाजवळ एका टँकरने त्याची बाइक उडवली. त्याच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही. नवीन माणूस आला तर तो कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतो.

ऑफिसात आल्यावर मी त्याच्या फायली उघडल्या. तो गेल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. तसा नियम कोणी केला नव्हता, तो आपोआप झाला होता. वर त्याचं नाव असलेली फाइल उघडून त्यात काही खोडायचं, हे कोणाच्याच हातून होईना. बदल करायचा तर शेजारी नवी फाइल काढायची. मीही तेच करायचे. आम्ही त्याला मान देत होतो, असं आम्हाला वाटत होतं.

पाणी मोजणारं त्याचं फंक्शन, म्हणजे बोलावलं की एकच ठरलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, मी वाचलं. पाणी एका दमात अशक्य वाटेल इतकं चढलेलं दिसलं, तर त्याचा हिशेब सोपा होता. एक तर मोजणारी तार बिघडली असेल, नाही तर खरंच लोंढा आला असेल. दोन्हीत 'गोंधळ' नावाच्या फंक्शनला बोलवायचं, आणि त्याने भोंगा लावून तिथेच बसून राहायचं, माणूस येऊन वीज बंद करेपर्यंत. या 'गोंधळ'वर शोएबने शिक्का मारला होता: हे फंक्शन बोलावणाऱ्याकडे कधीच परत येत नाही. असा शिक्का असला की कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा, त्यावर विश्वास ठेवतो. जो परत येणारच नाही, त्याच्यासाठी पुढचा रस्ता कशाला बांधायचा? तो त्या जागी काहीच ठेवत नाही.

मी स्वप्नीलला विचारलं, "गोंधळला कोणी हात लावला होता का?"

स्वप्नील आमच्यातला सगळ्यात गरीब स्वभावाचा पोरगा. तो म्हणाला, "त्याच्या फाइलला नाही लावला, मॅडम. शपथ. प्लास्टिकची पिशवी अडकून भोंगा दिवसभर वाजला, तेव्हा ओढ्याकाठचे बंगलेवाले साहेबांवर चढले होते. साहेब म्हणाले, भोंगा काढ, नुसती नोंद कर आणि परत ये. मी माझ्या फाइलमध्ये त्याच नावाचं नवीन लिहिलं. शोएबभाईंनी स्वतःचं फंक्शन 'दुबळं' असं लिहून ठेवलं होतं ना. दुसऱ्या कोणी त्याच नावाचं आणलं तर माझं सोडून द्या, असं. म्हणून ते लागलं."

ते बरोबर लागलं होतं. नवं 'गोंधळ' परत येत होतं, आणि ते कधीच परत येणार नाही हा शिक्का शोएबच्या फाइलमध्ये तसाच होता. त्याने तो फार जपून मारला होता आणि आम्ही फार जपून तो तसाच ठेवला होता. त्यामुळे ते परत आलं की पुढे रस्ताच नसायचा, आणि यंत्र सरळ पाणी मोजणाऱ्या फंक्शनखाली जे काही पडलं होतं त्यात जाऊन पडायचं.

खाली पडली होती ती आवाजाची चाचणी. स्पीकर तपासायला शोएबने घरी बसून बहिणीच्या, सिद्राच्या, हातात माईक देऊन स्वतःचं बोलणं भरलं होतं. ते फंक्शन कोणीच बोलावत नव्हतं. जे कोणी बोलावत नाही ते कंपायलर फेकून देतो, म्हणून त्यावरही शिक्का होता: लागतं, ठेव. कोणतं वाक्य आणि किती मोठ्याने, हे बोलावणाऱ्याने ठरलेल्या खणांत ठेवून द्यायचं असतं. फंक्शन आल्या आल्या ते खण उघडून बघतं. इथे बोलावणाराच नव्हता. खणांत मागच्या कामाचं जे उरलंसुरलं असेल तेच ते उचलत होतं. म्हणून तो कधी कुजबुजायचा, कधी ओरडायचा, कधी नुसतंच 'आलोच' म्हणायचा. आपल्याला कोणी बोलावलेलंच नाही, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

मला सगळं समजलं होतं. तरी अंगावरचा काटा जाईना.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. त्याचं बोलणं संपलं की यंत्राला पुन्हा मोजणीकडे जायला वाट नसायची, पेटी मेलेली असायची. हिरामण तिची वीज बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत पाणी कितीही चढो, भोंगा वाजणार नव्हता. मी 'गोंधळ' दुरुस्त केलं. भोंगा लावायचा आणि परत यायचं नाही. हा प्रोग्राम पेटीत भरला की ओढ्यावर शोएबचा आवाज पुन्हा येणार नव्हता.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन ओढ्यावर गेले, तर टपरीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर हवाबी चाची बसली होती. शोएबची आई. हिरामणचा व्हिडिओ फिरत फिरत चौकला पोचला होता आणि सिद्राने आवाज ओळखला होता. दोघी सकाळीच रिक्षा करून आल्या होत्या. वर डोंगर काळा झाला होता. चाची डोंगराकडे बघत होती, आणि ती कशाची वाट बघते आहे ते मला विचारावं लागलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. खण, शिक्के वगैरे नाही, कामापुरतं. तो बोलतो तेव्हा पेटी मेलेली असते आणि बहुतेक वेळा पाणी येत असतं, एवढं.

"मग आता तू काय करनार?"

"बंद करणार, चाची. त्याचा आवाज मी तुम्हाला फोनमध्ये भरून देते. हवा तेव्हा ऐका."

तिने लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. "फोनात मी बटन दाबीन तवा बोलंल. हितं तो आपला आपन बोलतो गं."

मला रडू आलं आणि रागही आला. तिचा नाही, त्या मेल्या पेटीचा, साहेबांचा, आमचा सगळ्यांचाच. खाली ओढ्यात कॉलेजची पोरं-पोरी बसली होती, चुलीवर पातेलं चढवलेलं. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "चाची, ती पण कोणाची तरी आहेत."

"म्हाईत हाय. मी काय आंधळी हाय का?" ती म्हणाली, पण तिने हात उचलला नाही. "एकदा आयकू दे. मी फोनवर नाय आयकलाय अजून. एकदा हितं, मग काड."

मी तिचा हात बाजूला करणार होते. म्हातारीच्या हातात किती जोर असणार? तेवढ्यात खांबावरचा स्पीकर खरखरला.

"सिद्रा, माईक लांब धर गं."

चाची उठली. मला वाटलं खांबाकडे जाईल. ती वळली आणि उतारावरून सरळ ओढ्यात उतरली.

"उठा रं. उठा सगळी. पानी येतंय."

पोरांनी वर बघितलं. एकाने हसून हात हलवला. ओढा तसाच होता, घोट्याएवढा आणि स्वच्छ. चाची पाण्यात शिरली, ओढणी दगडाला अडकून फाटली, तिने एका पोरीचा दंड धरला आणि ओढलं. तिला एवढं ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. मीही धावले, ओरडले. हिरामण चहाचं भांडं पळीने बडवत सुटला. पोरं कुरकुरत उठली, एक जण पातेलं उचलायला मागे फिरला, चाचीने त्याला शिवी घातली.

पाठीमागे शोएब बोलतच होता. आज खणात काय उरलं होतं कोण जाणे, पण त्याने सगळी वाक्यं लावली, एकामागून एक, मोठ्या आवाजात. एवढं तो कधीच बोलला नव्हता. मला तुकडे ऐकू आले. काहीतरी भाकरीबद्दल, काहीतरी हसणं. चाचीच्या ओरडण्यात बाकीचं बुडालं.

शेवटचा पोरगा काठावर चढला आणि वळणावरून मातकट पाणी आलं. झाडाच्या फांद्या घेऊन आलं, चूल गेली, पातेलं गेलं. भोंगा वाजला नाही. स्पीकर गप्प झाला होता. एक पोरगी चाचीला घट्ट धरून रडत होती.

सिद्रा खांबापाशी उभी होती, ती तिथून हललीच नव्हती. ती रडत खाली आली. "अम्मी, भाई आज सगळं बोलला. तुझं नाव घेतलं. म्हणाला, अम्मीला सांग, आलोच जेवायला. ऐकलंस ना?"

चाची ओल्या दगडावर बसली होती, धाप लागली होती. तिने त्या रडणाऱ्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"नाय गं," ती म्हणाली. "मी वरडत व्हते ना."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"लाव ते तुजं," ती म्हणाली. "आता भोंग्यालाच वरडू दे."